कॉफी हाऊसचा सेवकवर्ग

कॉफी हाऊसविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक सारे बसणाऱ्यांनी लिहिले. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर कोणता कवी कोणत्या कोपऱ्यात बसत असे, अलाहाबादच्या सिव्हिल लाइन्समधील कॉफी हाऊसात हिंदी साहित्यातील कोणते कंपू जमले आणि कोणते मोडले, दिल्लीत डॉ. राममनोहर लोहियांच्या भोवती कोण कोण गोळा होत, यांच्या हकिकती वाचकांनी अनेकदा वाचल्या असतील. मन्ना डे यांनी १९८३ साली गायिलेल्या सुप्रसिद्ध बंगाली गीतात सात मित्रांची आठवण आहे. त्या सातांपुढे कपबशा आणून ठेवणाऱ्या आठव्याची नाही.

आम्हीही त्या बसणाऱ्यांपैकीच. कारकुनाच्या खिशाला परवडावी आणि दोन तास बसले तरी कोणी उठवू नये, अशी जागा परमुलखात सापडणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. दिल्लीत मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर, सिमल्याच्या मॉल रोडवर, जबलपुरात, त्रिवेंद्रमला, बदलीच्या गावी बिऱ्हाड लागण्यापूर्वीच पुष्कळांना या जागेचा पत्ता लागतो. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेली पगडी, असा मनुष्य पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहिला, की आपण कोणत्या प्रांतात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. परंतु हा मनुष्य कोण, तो कोणाचा नोकर, आणि त्याची नोकरी इतकी वर्षे टिकली कशी, हा प्रश्न आम्हांस फार उशिरा सुचला. सुचला तेव्हा असे आढळले, की त्या पगडीमागे आपल्या देशातील उपाहारगृह-सेवकांच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण दडलेले आहे. आणि त्या प्रकरणाचा गाभा ज्या शब्दात आहे, तो शब्द आपल्या कचेऱ्यांतूनही फार वजनाचा मानला जातो. तो शब्द म्हणजे ‘कायम’.

या शब्दाची हॉटेलच्या धंद्यात काय किंमत होती, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबईत उडुपी उपाहारगृहे, इराण्यांची दुकाने आणि घरगुती खानावळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भराभर वाढल्या. त्यांत काम करणारा मुलगा बहुधा मालकाच्या गावचा, ओळखीचा किंवा दूरच्या नात्यातला असे. नेमणुकीचा कागद नसे. पगार किती हे पुष्कळदा वर्ष उलटल्यावर कळे. कपबशा विसळण्यापासून सुरुवात करायची, मग टेबले पुसायची, मग मागणी घ्यायची. भाग्य फळफळले तर भटारखान्यात आचाऱ्याच्या हाताखाली किंवा क्वचित गल्ल्यावर. हॉटेलातला ‘पोऱ्या’ चाळिशीला आला तरी पोऱ्याच राही. रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेले, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी धुतली, की त्याच जागेत अंथरूण पसरायचे. जेवण मालकाचे, छप्पर मालकाचे. ही सोय मोठी खरी. पण ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे मालकाने म्हटले, की नोकरी, जेवण आणि छप्पर ही तिन्ही एकाच वाक्यात जात. गिरणीतून कमी केलेल्या कामगाराला चाळीतली खोली निदान भाडे थकेपर्यंत तरी असे. हॉटेलच्या नोकराला तेवढीही उसंत नव्हती. अशाही स्थितीत मुंबईच्या कन्नड रात्रशाळांतून हॉटेलात राबणारी मुले दिवसभराचे काम आटोपून पाटीपुस्तक घेऊन बसत, आणि त्यांतली काही पुढे चांगल्या हुद्द्यांना चढली, हे त्या मुलांना आणि त्या शाळांना मोठे भूषणावह आहे.

कायद्याचे लक्ष या वर्गाकडे उशिरा गेले. कारखाने, खाणी, मळे आणि रेल्वे यांच्यासाठी कायदे झाले, चौकशी आयोग बसले; १९३१ साली व्हिटले आयोगाचा मजुरांविषयीचा अहवाल आला, त्याचाही भर याच क्षेत्रांवर होता. चहाच्या दुकानातला नोकर हा मजूर आहे, असे मानण्याचीच रीत नव्हती. मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापना यांविषयीचा कायदा १९३९ साली केला. अशा प्रकारचा तो देशातील पहिला. १९४२ च्या साप्ताहिक सुट्ट्यांच्या केंद्रीय कायद्यात दुकानांबरोबर उपाहारगृहांचाही समावेश होता. मात्र ज्या प्रांताने तो लागू करावा तेथेच तो चाले. पुढे मुंबईचा १९४८ चा सुधारलेला कायदा आला. त्याने उपाहारगृहातील नोकराला दिवसाचे नऊ तास काम ठरवून दिले. परंतु ते नऊ तास चौदा तासांच्या आत कसेही पसरण्यास मुभा ठेवली. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली, तरी ते चौदा तास दोन पिढ्यांनी भोगले. वाचकांनी हा हिशेब करून पाहावा. सकाळी सातला आलेला मनुष्य सकाळची गर्दी उरकून मोकळा होतो, मधले तास त्याचे स्वतःचे म्हणून धरले जातात, आणि संध्याकाळी तो पुन्हा उभा राहतो. त्या मधल्या तासांत घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नसतो, आणि ते तास कामाचे नसल्यामुळे त्यांचा पगारही नसतो. मूल उठण्यापूर्वी बाप बाहेर पडलेला आणि ते झोपल्यावर परतलेला. सणाच्या दिवशी लोक सहकुटुंब बाहेर जेवावयास येतात, म्हणून त्याच दिवशी याला रजा नाही. बहुतेकांनी म्हणूनच बिऱ्हाड शहरात आणले नाही. बायकामुले गावी, आणि महिन्याकाठी एक मनीऑर्डर. हॉटेलवाल्याच्या कौटुंबिक जीवनाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याची साधने टपाल कचेरीतच सापडतील.

या पार्श्वभूमीवर कॉफी हाऊसचा जन्म पाहण्यासारखा आहे. तो गिऱ्हाइकांच्या गरजेतून झाला नाही; मळेवाल्यांच्या अडचणीतून झाला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. कूर्ग, म्हैसूर आणि निलगिरीकडचा माल खपेना. दक्षिणेत कॉफी घरोघर होती. उत्तरेत आणि पश्चिमेत मात्र चहाने आपले ठाणे घट्ट केले होते. तेव्हा १९३५ साली कॉफी उपकराचा कायदा झाला, उपकर समिती स्थापन झाली, आणि लोकांना कॉफीची गोडी लावण्यासाठी त्या समितीने १९३६ मध्ये मुंबईस चर्चगेटजवळ पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ज्या संस्थेला आपण मद्रासी किंवा बंगाली समजतो, तिचा पाळणा मुंबईत हलला. पुढे युद्ध आले. युरोपचा बाजार एकाएकी बंद झाला आणि कॉफी देशातच खपविल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. १९४० चा अध्यादेश आणि १९४२ चा कायदा यांनी कॉफीची सारी विक्री मंडळाच्या हाती आली. मळेवाल्याने आपले पीक मंडळाच्या एकत्रित साठ्यात घालावे आणि मंडळाने ते विकावे, अशी व्यवस्था झाली. त्याच दशकात देशभर मिळून जवळजवळ ५० कॉफी हाऊसे झाली.

या घरांत नोकरीस लागलेला मनुष्य पोऱ्या नव्हता. तो ‘मंडळाचा सेवक’ होता. त्याला गणवेश होता, हजेरीपट होता, ठरलेला पगार होता, पाळी होती. उडुपी हॉटेलातून किंवा साहेबांच्या क्लबातून येथे आलेल्या माणसाला हा केवढा पालट वाटला असेल याची कल्पना करता येते. क्लबात त्याला ‘बॉय’ म्हणून हाक मारीत. येथे प्राध्यापक आणि वकील त्याला नावाने ओळखू लागले. गावी लग्न ठरविताना मुलाची नोकरी ‘सरकारी कॉफीखान्यात’ आहे, असे सांगता येऊ लागले.

पण ‘सरकारी’ या शब्दात एक गोम होती. मंडळ कायद्याने निर्माण झालेले असले तरी मंडळाचा नोकर हा सरकारचा नोकर नव्हे. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे जे छत्र आम्हां कारकुनांच्या डोक्यावर आहे, ते त्याच्यावर नव्हते. शिवाय दुसरी गोष्ट अधिक खोल होती, आणि ती त्या काळी फारच थोड्यांच्या ध्यानात आली असावी. कॉफी हाऊस ही मंडळाच्या दृष्टीने एक जाहिरात होती. भिंतीवरची रंगीत पाटी आणि कपबशी घेऊन येणारा मनुष्य, ही दोन्ही प्रचाराच्या एकाच खात्यावर पडत. खप वाढला की जाहिरातीची गरज संपते. म्हणजे हे सेवक आपले काम जितके चांगले करीत होते, तितकी त्यांची नोकरी अनावश्यक होण्याचा दिवस जवळ येत होता! हॉटेल बुडाले म्हणून नोकर रस्त्यावर आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हॉटेल चालत असता, गिऱ्हाइकांना बसावयास जागा मिळत नसता नोकर नकोसे व्हावेत, हे उदाहरण विरळा.

तो दिवस १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास आला. युद्ध संपून परदेशचे बाजार उघडले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेस परकीय चलनाची टंचाई भासू लागली होती, आणि कॉफी ही चलन मिळवून देणारी वस्तू होती. अशा काळात स्वदेशात कॉफी पाजीत बसण्याचा उत्साह मंडळास उरला नाही, असे आम्हांस वाटते. मंडळाने धोरण बदलले, कॉफी हाऊसे बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि सेवकांना कमी केल्याच्या सूचना मिळू लागल्या.

येथे क्षणभर त्या सूचनेच्या कागदापाशी थांबले पाहिजे. वय पस्तीस-चाळीस. दुसरे कोणतेही कसब अंगी नाही. चार भाषांत मागणी घेता येते, एका हातावर सहा कपबशा तोलता येतात, कोणाला साखर कमी आणि कोणाला दूध वेगळे हे पाठ आहे. यांपैकी कशाचाही दाखला कोणतीही कचेरी मागत नाही. गाव हजार मैलांवर, आणि गावी सारे घर त्या मनीऑर्डरीवर. खासगी हॉटेलात काम मिळेल, पण ते पुन्हा पोऱ्या म्हणून. पंधरा-वीस वर्षांची नोकरी एका रात्रीत पुसली जाऊन पुन्हा कपबशा विसळण्यापासून सुरुवात. आपल्यांतील ज्यांनी ‘तात्पुरता’ या शिक्क्याखाली पाच-सात वर्षे काढून एक महिन्याच्या सूचनेची टांगती तलवार अनुभवली आहे, त्यांस हे अधिक फोडून सांगावयास नको.

सेवकांची संघटना होती. तिचे नाव इंडिया कॉफी बोर्ड लेबर युनियन. केरळातील तिच्या कार्यकर्त्यांत एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै हे पुढे विशेष प्रसिद्धीस आले. त्यांनी कॉफी हाऊसची कथा मल्याळममध्ये ग्रंथरूपाने लिहून ठेवली आहे. एका सेवकाने सेवकांचा इतिहास लिहावा, हे भाग्य आपल्याकडील फार थोड्या धंद्यांच्या वाट्यास आले. या संघटनेस नेतृत्व लाभले ते ए. के. गोपालन यांचे. ते लोकसभेतील साम्यवादी गटाचे पुढारी; १९५० साली स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात त्यांनी केलेला अर्ज कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजही वाचावा लागतो. असा मनुष्य संप, निदर्शने, सत्याग्रह याच वाटेने जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असावयाची. चळवळ झालीही. परंतु शेवटी त्यातून जे निघाले ते वेगळेच होते: मंडळाला घरे चालवायची नसतील तर ती आमच्या हवाली करा, आम्ही ती सहकारी संस्था स्थापून चालवू.

ही मागणी वरवर दिसते तितकी सोपी नव्हती. कालपर्यंत पगार मागणाऱ्या माणसाने उद्यापासून पगाराची तरतूदही स्वतःच करावयाची होती. जागेचे भाडे, दूध, साखर, कोळसा, विजेचे बिल, हिशेब तपासणी, सहकारी निबंधकाच्या कचेरीतील हेलपाटे, ही सारी कामे ज्यांनी कधी केली नव्हती, त्यांनी ती शिकावयाची होती. संप फसला तर पूर्वीच्या स्थितीत परत जाता येते. ही संस्था बुडाली असती तर भागभांडवलासाठी घातलेले पैसेही गेले असते, आणि दोष द्यावयास मालकही उरला नसता.

१९ ऑगस्ट १९५७ या दिवशी बंगळूर येथे पहिली सहकारी संस्था उभी राहिली. वर्ष संपण्यापूर्वी दिल्लीस कॉनॉट प्लेसमध्ये सेवकांचे स्वतःचे कॉफी हाऊस सुरू झाले. ‘इंडिया कॉफी हाऊस’चे नाव या हस्तांतरात ‘इंडियन कॉफी हाऊस’ झाले. एका अक्षराचा तो फरक गिऱ्हाइकांच्या ध्यानातही आला नसेल. केरळातील संस्था १९५८ च्या फेब्रुवारीत नोंदली गेली आणि ८ मार्च १९५८ रोजी त्रिचूर येथे तिचे पहिले घर गोपालन यांच्या हस्ते उघडले. त्या वर्षअखेरपर्यंत पाँडिचेरी, लखनौ, नागपूर, जबलपूर, मुंबई, कलकत्ता, तेल्लिचेरी आणि पुणे या ठिकाणी हे लोण पोचले होते. कलकत्त्याची गोष्ट थोडी निराळी. तेथील कॉफी हाऊस १८७६ साली स्थापन झालेल्या अल्बर्ट हॉलमध्ये, युद्धकाळात सुरू झालेले. १९५८ मध्ये ते बंद करण्याचे ठरले, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेज व विद्यापीठ यांतील प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला, आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. बसणाऱ्यांनी वाहणाऱ्यांसाठी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवितो. अर्थात अर्ज ‘जागा’ वाचविण्यासाठी होता. नोकऱ्या तिच्याबरोबर वाचल्या.

सहकाराचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रवरानगर आठवते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० साली तेथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे रूप पालटले, याचा अभिमान आपणांस आहे व असावाही. पण एक भेद पाहून ठेवावा. तेथे सभासद होता तो ऊस पिकविणारा शेतकरी; कारखान्यातील कामगार हा त्याचा नोकर. ऊसतोडणीसाठी दर साल बैलगाडीवर संसार घालून निघणारा तर नोकरही नव्हे. कॉफी हाऊसच्या संस्थांत ज्याच्या हाती तबक तोच सभासद. संचालक मंडळ सेवकांनी आपल्यांतून निवडावयाचे. आज गल्ल्यावर बसलेला व्यवस्थापक पूर्वी कधी तरी टेबले पुसून आलेला असतो. बाहेरून आणलेला नसतो. कपबशा विसळणारा मुलगा ज्येष्ठतेने वाढपी होतो, वाढप्यांचा मुख्य होतो, पुढे व्यवस्थापक. कारकुनीत बढतीच्या यादीवर नजर ठेवून आयुष्य काढणाऱ्या आम्हांस या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही ठाऊक आहेत. हुशार मनुष्य तिच्यात कंटाळतो हे खरे. परंतु कोणाही माणसाला, आपण पन्नाशीत कोठे असू, हे पंचविशीत सांगता येते. हॉटेलच्या धंद्यात ही गोष्ट त्यापूर्वी कोणालाही सांगता येत नव्हती.

हल्ली व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ‘नोकरीतील समाधान’ असा एक विषय असतो व त्याचे तक्ते करतात. कॉफी हाऊसच्या वृद्ध सेवकांशी बोलताना आम्हांस असे दिसले, की समाधान हा शब्द ते क्वचितच वापरतात. ते बोलतात भविष्यनिर्वाह निधीविषयी, उपदानाविषयी, दिवाळीच्या किंवा ओणमच्या बोनसविषयी, आणि सर्वांत जास्त रजेविषयी. जबलपूरच्या संस्थेतील बरेचसे सेवक केरळातून आलेले. त्यांची घरे तिकडेच. बायको गावी, मुले तिकडच्या शाळेत, आणि वर्षातून एकदा दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास. बाह्यतः पाहिले तर उडुपी हॉटेलातल्या पोऱ्याच्या जीवनात आणि याच्यात फारसा फरक नाही; मनीऑर्डर तीच, ताटातूटही तीच. तरीही फरक आहे. पोऱ्या गावी जाई तेव्हा परतल्यावर जागा राहील की नाही, याची शाश्वती नसे. म्हणून तो जातच नसे, आणि आई-बापाच्या शेवटच्या दिवसांतही मुंबईतच राही. याच्या खिशात हक्काच्या रजेचा कागद आणि परतीचे तिकीट असते. बहिणीचे लग्न, मुलीचा शाळाप्रवेश, घरावर कौले घालावयाची, असा बेत वर्षभर आधी करता येतो. आपणही गाव सोडून राहणारी माणसे, तेव्हा आधी ठरविता येणाऱ्या या भेटीगाठींचे मोल वाचकांस वेगळे सांगावयास नको. आमच्या बदल्यांस प्रवासभत्ता आणि रुजू होण्याची मुदत तरी असते. ती नसतानाही आमच्या कुरकुरीच्या एकदशांश कुरकुर आम्ही तेथे ऐकली नाही.

मात्र या संस्थांचे चित्र सोन्याने मढविणे बरे नव्हे. मालक नाहीसा झाला म्हणून धंद्याच्या अडचणी नाहीशा होत नाहीत. कॉफी स्वस्त ठेवावी तर पगार निघत नाहीत, महाग करावी तर ज्या गिऱ्हाइकांनी ही घरे नावारूपास आणली ते येत नाहीत. दिल्लीचे कॉनॉट प्लेसमधील मूळ कॉफी हाऊस आणीबाणीच्या काळात पाडण्यात आले. जेथे आज पालिका बाजार आहे तेथे ते होते. राजकीय चर्चा तेथे फार होत म्हणून ते गेले असे म्हणतात. चर्चा करणाऱ्यांनी दुसऱ्या जागा शोधल्या, सेवकांना मात्र बिऱ्हाडासारखे चुलीपासून सारे दुसरीकडे मांडावे लागले. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरील जुनी जागा २००९ साली सोडावी लागली व चर्च स्ट्रीटवर नवी थाटावी लागली. मोठ्या शहरांत जागेच्या भाड्यापुढे कॉफीच्या पेल्याचा टिकाव लागत नाही. चर्चगेटचे ते पहिले घर तर आता राहिलेलेच नाही. २०२० च्या टाळेबंदीत सारीच घरे बंद पडली. ज्या संस्थांचा साठा बरा होता त्यांनी तो मोडून दिवस काढले, ज्यांचा नव्हता त्यांचे पगार अडले. आणि मालकच आपण असल्यामुळे मोर्चा न्यावयाचा तो कोणाच्या दारी?

याहून कठीण प्रश्न आतला आहे. नवा मुलगा घेतला की त्यास सभासद करावयाचे, की नुसता नोकर ठेवावयाचा? सभासद करावा तर प्रत्येकाच्या लाभांशात वाटेकरी वाढतो. नोकर ठेवावा तर ज्या अन्यायाविरुद्ध १९५७ साली झगडा झाला, तोच स्वतःच्या घरात मागल्या दाराने येतो. कामगारांच्या सहकारी संस्थांपुढे जगभर हा प्रश्न उभा राहिलेला आहे. तरीही १३ संस्था आणि त्यांची मिळून सुमारे ४०० घरे असा हा विस्तार झाला. केरळात त्रिचूर आणि कण्णूर अशा दोन संस्थांनी तर हे घर सामान्य माणसाच्या रोजच्या जेवणाचे ठिकाण केले. त्रिवेंद्रमला स्थानकासमोर लॉरी बेकर यांनी बांधलेली चक्राकार चढत जाणारी लाल विटांची इमारत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी. आणि मसाला डोशात बीट का, हा प्रश्न तेथे विचारू नये.

आपल्या कचेऱ्यांतील उपाहारगृहांचा येथे उल्लेख केला नाही तर हे टिपण अपुरे राहील, कारण तेथील माणसांनी ‘कायम’ होण्याची दुसरी वाट धरली. आमच्या मेजावर चहा आणून ठेवणारा मनुष्य वर्षानुवर्षे त्याच इमारतीत, त्याच वेळापत्रकाने, आमच्याच साहेबांच्या हुकमाखाली काम करी. तरी कागदोपत्री तो सरकारचा कोणी नव्हता. रेल्वेच्या उपाहारगृहांतील कामगारांचा दावा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला. पाठोपाठ केंद्रीय कचेऱ्यांतील उपाहारगृहांचे कामगारही १ ऑक्टोबर १९९१ पासून सरकारी कर्मचारी गणले गेले. कॉफी हाऊसच्या सेवकांनी मालकी घेतली, यांनी सरकारला मालकी कबूल करावयास लावली. त्या वेळी जे तरुण होते ते आता निवृत्तिवेतन घेत आहेत. त्यांच्या जागी पुष्कळ कचेऱ्यांतून आता कंत्राटदाराची मुले दिसतात, आणि ती दर वर्षी वेगळी असतात; त्यांची नावे पाठ होईपर्यंत ती गेलेली असतात.

गेल्या खेपेस सरकारी कामानिमित्त जबलपुरास जाणे झाले, तेव्हा एका पिकल्या केसांच्या सेवकाशी थोडे बोलणे झाले. पगडीची इस्त्री मोडू नये म्हणून मान ताठ ठेवून तो उभा होता. निवृत्तीस दोन वर्षे राहिली होती. गावी घर बांधून झाले होते. त्यात आपण स्वतः सारे मिळून किती दिवस राहिलो याचा हिशेब त्याने बोटांवर करून सांगितला. मुलगा याच संस्थेत येणार का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “नाही साहेब, तो हॉटेलचे शिक्षण घेऊन मोठ्या हॉटेलात लागला आहे. पगार माझ्याहून पुष्कळ. अकरा महिन्यांचा करार असतो. मग एक महिना घरी बसवतात आणि पुन्हा नवा करार करतात.” लग्नाचे काय, असे विचारणार तोच पलीकडच्या टेबलावरून हाक आली, आणि तो आमच्या रिकाम्या कपबशा उचलून तिकडे गेला.